मोटर चालते, पाणी येत नाही

वाकडची सोसायटी असो, भोसरीतला गाळा असो की चाकण एमआयडीसीतली मोठी शेड, पाणी आलं नाही की पहिलं वाक्य ठरलेलं: "मोटर गेली." पंपाला आपण पंप म्हणतच नाही. मोटर चालू कर, मोटर बंद कर, मोटर दुरुस्तीला दिली. बोलायला सोपं आहे म्हणून रूढ झालं, पण निम्मे गैरसमज या एका शब्दातूनच निघतात. मोटरचं काम फक्त फिरणं. पाणी वर चढवतो तो तिच्या पुढे बसवलेला पंप, म्हणजे बिडाच्या कवचात फिरणारा इम्पेलर. मोटर छान फिरत असते आणि पाणी येत नसतं, तेव्हा आपण तिलाच खोलून वाइंडिंगवाल्याकडे नेतो. बिचारी निर्दोष असते.

गंमत म्हणजे आपलं पिंपरी-चिंचवड हे पंपांचंच गाव आहे. जर्मनीतल्या फ्रँकेंथालच्या केएसबीचा भारतातला कारभार 1960 पासून पिंपरीत आहे, मॅथर अँड प्लॅटचे पंप चिंचवडला बनत. तिकडे सांगली जिल्ह्यात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये वसवलेल्या किर्लोस्करवाडीनं तर मराठी शेतकऱ्याच्या कानात पंपाचं नाव कायमचं बसवलं. तरीही सोसायटीच्या मीटिंगमध्ये पंपाविषयी जे ऐकू येतं, ते ऐकून एखाद्या निवृत्त फिटरनं कपाळावर हात मारावा.

"जरा मोठी मोटर लावा, खालून ओढून घेईल"

पंप पाणी ओढत नाही. इम्पेलर फिरला की त्याच्या मध्याशी दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा टाकीतल्या किंवा विहिरीतल्या पाण्यावर दाब देऊन ते पाइपातून वर ढकलते. म्हणजे सक्शनच्या बाजूचं काम हवा करते, आणि हवेची ताकद ठरलेली आहे. समुद्रसपाटीला ती पाण्याचा सुमारे 10.3 मीटरचा खांब तोलते. गॅलिलिओच्या काळात इटलीतल्या पंपवाल्यांना हाच अनुभव येई: साधारण दहा मीटरच्या वर पाणी चढेचना. गॅलिलिओचा शिष्य टॉरिचेलीनं 1640च्या दशकात पाऱ्याच्या नळीवर प्रयोग करून कारण दाखवलं.

पिंपरी-चिंचवड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. इथली हवा जरा विरळ, त्यामुळे आपला खांब साडेनऊ मीटरच्या आसपास येतो. म्हणजे मुंबईत जेमतेम चालणारी बसवणूक तशीच्या तशी निगडीत उभी केली तर ती हवा घेऊ शकते. पाइपातलं घर्षण, फूट व्हॉल्व्हचा अडथळा, उन्हाळ्यातलं कोमट पाणी हे सगळं वजा केलं की भरवशाची खोली सहा मीटरच्या आतबाहेर उरते. तिथे दोन एचपीच्या जागी दहा एचपी लावलात तरी हवेचा दाब एक तसूही वाढत नाही. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे पुस्तकाशिवाय कळलं होतं. विहिरीत खाली कठडा काढून, पाण्याच्या जवळ मोटर उतरवायची रीत त्यातूनच आली. पाणी खाली गेलं की मोटर खाली, पावसाळ्यात परत वर.

त्याच फूट व्हॉल्व्हला गावाकडे सर्रास "फुटबॉल" म्हणतात. त्याचं काम पाणी परत खाली जाऊ न देणं. त्यात काडीकचरा अडकला, वॉशर झिजला की रात्रीतून पाइप रिकामा होतो आणि सकाळी पंप "पाणी सोडतो". मग तांब्यानं पाणी ओतत बसायचं. सेल्फ प्रायमिंग पंपाबद्दलही असंच: त्याला पाणी भरावंच लागत नाही अशी समजूत आहे. पहिल्यांदा त्याच्या पोटात पाणी भरावंच लागतं. पुढच्या वेळी तो पोटात राहिलेल्या पाण्यावर सक्शनमधली हवा काढतो, एवढाच फरक.

"एचपी जास्त म्हणजे पाणी जास्त"

दुकानात गेल्यावर आपण एचपी विचारतो. विचारायचे असतात दोन आकडे: किती उंचीवर आणि मिनिटाला किती लिटर. पंपाच्या पाटीवर ते हेड आणि डिस्चार्ज म्हणून छापलेले असतात, फक्त कुणी वाचत नाही.

अकरा मजल्यांची इमारत घ्या. मजल्याला तीन मीटर धरले तर 33, खालच्या टाकीची खोली तीन, गच्चीवरच्या टाकीची उंची तीन, असे 39 मीटर. पाइप, बेंड आणि व्हॉल्व्ह यांच्या घर्षणाचे पाच-सहा धरून 45. मिनिटाला 200 लिटर चढवायचे तर पाण्यात प्रत्यक्ष जाणारी ताकद दीड किलोवॅटच्या आसपास. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तरी चार एचपी लागतात, म्हणजे पाच एचपीची मोटर पुरते. पण कमिटीतलं कुणीतरी "असू दे जरा मोठा, टिकेल" म्हणून 70 मीटर हेडचा दहा एचपीचा पंप आणवतं. आता त्या पंपाला 70 मीटर चढायचेच नाहीत, 45वरच काम भागतं. तो गरजेपेक्षा जास्त पाणी ढकलू लागतो, मोटर जास्त अँपिअर घेते, तापते, ओव्हरलोड रिले उडतो. आणि निदान काय निघतं? "व्होल्टेज कमी असेल."

अशा वेळी अनुभवी ऑपरेटर जे करतो ते पाहून नवखे चक्रावतात. तो डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह थोडा बंद करतो आणि अँपिअर खाली येतात. नेहमीच्या सेंट्रिफ्युगल पंपात पाणी कमी गेलं की मोटरवरचा भार कमी होतो. व्हॉल्व्ह आवळला तर मोटर जळेल ही भीती उलटी आहे. फक्त तो पूर्ण बंद ठेवून पंप फार वेळ चालवू नये, आतलं पाणी तेच ते घुसळून उकळायला लागतं.

"आत खडी गेलीय वाटतं"

पंपातून दगड फिरल्यासारखा खडखडाट येतो. खोलून पाहावं तर दगड नाहीच, इम्पेलरची पाती मात्र वाळवीनं खाल्ल्यासारखी. याला कॅव्हिटेशन म्हणतात. सक्शनकडे दाब फार उतरला की थंड पाण्याचीही वाफ होते, तिचे बुडबुडे पुढे जास्त दाबात गेले की फटकन मिटतात आणि दर वेळी धातूचा कणभर टवका काढतात. नवा इम्पेलर बसवला तरी खडखडाट जात नाही आणि काही महिन्यांत तोही तसाच खाल्ला जातो, कारण दोष सक्शनच्या पाइपात असतो. कुणीतरी "घरात होता म्हणून" दीड इंची पाइप दोन इंची पंपाला जोडलेला असतो, शिवाय पंपाच्या तोंडाशीच दोन एल्बो. चाकणच्या मशीन शॉपमध्ये कूलंटचे पंप "सारखे जातात" म्हणून बदलले जातात, तिथेही आधी टाकीच्या तळाची चिप आणि तुंबलेली जाळी बघावी. अशा तक्रारींत मला नवीन पंपाच्या बिलापेक्षा झाडू स्वस्त पडतो असंच दिसत आलंय.

"पाणी येतंय ना, मग दिशा बरोबरच असणार"

नाही. केबलचं काम झालं, जनरेटर बदलला, पॅनेलवाला येऊन गेला, आणि तीनपैकी दोन फेज अदलाबदल झाले तर मोटर उलटी फिरते. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतोच! दाब कमी, टाकी भरायला दुप्पट वेळ, बिल चढं. आठवडाभर सगळे पाइपात गळती शोधत राहतात. कवचावर बाण कोरलेला असतो, मोटरचा पंखा त्याच दिशेनं फिरतो का हे बघायला एक मिनिट लागतं.

मोटर खरोखर जळते तेव्हाही दोष पुष्कळदा बाहेरचा निघतो. तीन फेजवर चालणाऱ्या मोटरचा एक फेज गेला तरी ती थांबत नाही, उरलेल्या दोन तारांतून जास्त करंट ओढत घरघरत राहते आणि काही वेळात वाइंडिंग काळं पडतं. सिंगल फेज प्रिव्हेंटर त्यासाठीच असतो. पॅनेलमध्ये तो बऱ्याचदा दिसतो, पण कटकट नको म्हणून बायपास केलेला.

पाणबुडी मोटरीबद्दल दोन ओळी. "पाण्यातच आहे, तापणार कशी?" असं विचारलं जातं. बोअरची मोटर थंड राहते ती अंगावरून सरकणाऱ्या पाण्यामुळे. तीच मोटर मोठ्या टाकीत नुसती आडवी टाकली तर भोवतीचं पाणी हलत नाही आणि ती बुडालेल्या अवस्थेतही जळू शकते. बोअरच्या तळाशी गाळात टेकवली तरी तेच. आणि बोअर आणखी शंभर फूट खोल नेलं की पाणी लागेल हा हिशोब आपल्या काळ्या पत्थरात फारसा चालत नाही. बेसॉल्टमधलं पाणी झिजलेल्या थरात आणि भेगांत असतं. ते सोडून खाली गेलं की बहुधा अखंड खडक.

"धरण भरलं, आता रोज पाणी का नाही?"

हा प्रश्न दर ऑगस्टला शहरभर विचारला जातो. नोव्हेंबर 2019 मध्ये पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं, आणि पुढे पवना धरण भरल्याच्या बातम्या आल्या तरी नळ रोजचे झाले नाहीत. साडेआठ टीएमसीचं धरण भरणं आणि चौथ्या मजल्यावर पाणी येणं यांच्यामध्ये पंप आहेत. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उपसून निगडीच्या सेक्टर 23 मधल्या जलशुद्धीकरण केंद्रावर चढवलं जातं, मग शहरभरच्या उंच टाक्यांत. रावेतच्या पंपांची, केंद्राची आणि पाइपांची जी क्षमता तेवढंच पाणी. धरणातला साठा तिथे मोजला जात नाही. रावेतला वीज गेली की टाक्या भरत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या मोठ्या भागात नळाला धार येत नाही. धरणापासून थेट निगडीपर्यंत बंद नळाची योजना होती. तिच्या विरोधात 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर मावळातले शेतकरी उतरले, पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला आणि काम वर्षानुवर्षं थांबलं. शहराच्या पाण्याची गोष्ट करताना हे मधून वगळता येत नाही.

दिवसाआड पाण्यातूनच आणखी एक खोड वाढली: महापालिकेच्या नळाला थेट मोटर लावणं. बेकायदा तर आहेच, पालिका अशा मोटरी जप्तही करते. पण "आपल्याच वाट्याचं पाणी जरा लवकर घेतो" ही समजूतही खोटी. शेजाऱ्याचं पाणी पळतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याहून वाईट म्हणजे दाब उतरलेल्या जलवाहिनीत बाहेरचं ओढलं जातं. जिथे जोड सैल आहे आणि शेजारून ड्रेनेज जातं, तिथलं घाण पाणी त्या मोटरच्या मालकाच्याच पिंपात येतं.

"ड्राइव्ह लावा, निम्मी वीज वाचेल"

ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र. विक्रेत्याचं गणित खोटं नसतं. वेग 80 टक्क्यांवर आणला की लागणारी ताकद 51 टक्क्यांवर येते, कारण ती वेगाच्या घनानं बदलते. कारखान्यातल्या कूलिंग टॉवरच्या फिरत्या पाण्याला हे बऱ्यापैकी लागू पडतं, तिथे बहुतेक हेड घर्षणाचं असतं. गच्चीवरच्या टाकीला मात्र 39 मीटर चढावेच लागतात, वेग काहीही ठेवा. वेग कमी केला तर एका टप्प्यावर पाणी वर पोचतच नाही, पंप नुसता फिरत राहतो. तिथे योग्य हेडचा पंप निवडणं हीच बचत.

ग्लँडमधून, म्हणजे शाफ्ट पंपाबाहेर येतो तिथून, पाणी ठिबकतंय म्हणून हेल्परला ओरडणारे सुपरवायझर मी पाहिलेत. तोही जाऊन पाना घेऊन ग्लँड करकचून आवळतो. ग्लँड दोरी असलेल्या पंपाला मिनिटाला काही थेंब गळू द्यायचेच असतात, ते पाणीच दोरीला थंड आणि ओली ठेवतं. गळती शून्य केली की दोरी जळते, स्लीव्हवर चर पडतात, आणि मग जी गळती लागते ती कशानंच थांबत नाही. मेकॅनिकल सील असेल तर गोष्ट वेगळी. तिथे थेंब दिसला की सील गेला.

राहिला फायर पंप. "वापरलाच नाही, म्हणजे नवा आहे" हे त्याच्याबद्दल कारखान्यांत ऐकू येतं. न फिरलेल्या पंपाची दोरी वाळून कडक होते, शाफ्ट जाम होतो, डिझेल इंजिनाची बॅटरी मरते. 2006 च्या महाराष्ट्राच्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ब नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन द्यावं लागतं, पण मधल्या पाच महिन्यांत पंप दर आठवड्याला फिरवायचा तो आपणच. फिरवल्यावर नवा माणूस हमखास तक्रार आणतो की दाब भरला तरी मुख्य पंप आपोआप बंद होत नाही, पॅनेल बिघडलंय. पाइपातला दाब टिकवून धरणारा छोटा जॉकी पंप आपोआप चालू होतो आणि आपोआप बंद होतो. मुख्य पंप चालू आपोआप होतो, पण बंद करायला माणसानं पंपघरात जाऊन बटण दाबावं लागतं. आग विझली की नाही हे पॅनेलला कळत नाही, म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलेलं आहे.