पातं कोण धरून ठेवतं?

घडीचा चाकू विकत घेताना माणूस आधी पातं पाहतो. लांबी किती, पोलाद कुठलं, चकाकी कशी. माझ्या मते नजर आधी सांध्याकडे जायला हवी. खिशातल्या चाकूची कामं जगभर साधारण सारखीच आहेत: सुतळी तोडणं, पार्सलवरची चिकटपट्टी कापणं, पेरूच्या फोडी करणं, पेन्सिलीला टोक काढणं. पण उघडलेलं पातं उघडंच कसं राहील, ऐन कामात बोटांवर कसं मिटणार नाही, या प्रश्नाची उत्तरं मात्र गावोगावच्या लोहारांनी वेगवेगळी शोधली. पुढे कायद्याने चाकूची पारख केली तीही बऱ्याच ठिकाणी या सांध्यावरूनच.

ऑस्ट्रियातल्या हालश्टाट इथे सापडलेला मिटणारा चाकू इसवीसनपूर्व सहाव्या शतकाच्या आसपासचा मानतात. रोमन लोकांकडेही असे चाकू होते. त्यातल्या साध्या चाकूंत खिळीपाशी पातं मुठीत घट्ट बसवलेलं असे. घर्षण हाच त्यांचा आधार.

फ्रान्सच्या सावोआ प्रांतातला ओपिनेल हा त्याच साधेपणाचा वारस. सँ-झां-द-मोरिएनजवळच्या एका वस्तीत लोहाराच्या घरात वाढलेल्या जोसेफ ओपिनेलने १८९० साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हा चाकू घडवला. गोल लाकडी मूठ, तिला एक चीर, चिरेत पातं, आरपार एक खिळा आणि तोंडाशी धातूचं कडं. आत कमान नाही. १८९७ पर्यंत एक ते बारा अशा क्रमांकांची मालिका तयार झाली. तिच्यातले पहिला आणि अकरावा हे दोन क्रमांक पुढे बंद झाले, तरी उरलेल्यांचे आकडे बदलले नाहीत. आठव्या क्रमांकाचं पातं साडेआठ सेंटिमीटरचं. १९०९ साली त्यावर मुकुट घातलेल्या हाताची खूण आली. हात मोरिएनच्या मानचिन्हातला, मुकुट सावोआच्या जुन्या डचीचा.

ओलावा लागला की लाकूड फुगतं आणि पातं चिरेत अडकून बसतं. यावर सावोआतल्या लोकांची युक्ती अशी: मिटलेल्या चाकूच्या मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठक्कन आपटायचं. झटक्याने पातं थोडं बाहेर येतं आणि नखाने धरता येतं. या ठोक्याला तिकडे सावोआचंच नाव आहे. चाकूचा दोष लोकांनी असा हाताच्या सवयीत सामावून घेतला, हे मला फार मोलाचं वाटतं.

पण पातं उघडं ठेवायला नुसत्या घर्षणावर किती विसंबायचं? १९५५ साली मार्सेल ओपिनेल यांनी मूळच्या कड्यावर फिरणारं दुसरं कडं बसवलं. त्यालाही एक चीर असते. ती पात्यासमोरून सरकवली की वाट बंद होते आणि पातं मिटूच शकत नाही. सहाव्या क्रमांकापासून पुढे हे कडं असतं. २००० सालापासून ते मिटलेलं पातंही जागेवर धरून ठेवतं, म्हणजे खिशात चाकू आपोआप उघडत नाही. उघडं पातं पक्कं करणाऱ्या अशा खटक्यांचे पुढे कितीतरी प्रकार निघाले, पण इतका साधा, डोळ्यांना दिसणारा आणि लहान मुलालाही समजावून सांगता येणारा दुसरा मला माहीत नाही.

स्विस वाट वेगळी. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली ईबाख इथे कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले. १२ जून १८९७ रोजी नोंदवलेल्या अधिकाऱ्यांच्या चाकूत खरी करामत होती ती कमानीची. पाठीतल्या त्याच कमानी दोन्ही बाजूंच्या हत्यारांना दाब देऊ लागल्या, त्यामुळे चाकू जाड न होता हत्यारं वाढली. अशा चाकूत पात्याच्या बुडावर कमानीचा दाब असतो. पातं उघडं राहतं ते त्या दाबाने, कुलूप लागत नाही. मागून जोर दिला तर ते मिटणारच. म्हणून हा चाकू आपल्याकडे ओढत किंवा खाली दाबत चालवायचा. टोक खुपसायचं नाही, पात्याच्या पाठीने ठोकायचं नाही.

जपानच्या ह्योगो प्रांतातल्या मिकी शहराने कमानही वगळली. तिथला हिगोनोकामी म्हणजे दुमडलेल्या पत्र्याची मूठ, एक खिळा आणि पात्याच्या बुडाला बाहेर आलेली छोटी दांडी. चाकू उघडा असताना अंगठा त्या दांडीवर ठेवायचा. पातं धरून ठेवतो तो वापरणाऱ्याचा अंगठा. जपानी शाळकरी मुलं याच चाकूने पेन्सिली तासत. मग १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोत, चालू सभेत, समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांची सतरा वर्षांच्या मुलाने हत्या केली. हत्यार म्हणजे आखूड तलवार होती, तरी मुलांच्या हाती पातंच नको अशी मोहीम देशभर पसरली आणि पेन्सिलीचा चाकूही दप्तरातून गेला. मिकीत हे चाकू बनवणारे पुष्कळ होते. आज परंपरेने ते नाव चालवणारी एकच कार्यशाळा उरली आहे.

जपानच्या कायद्यात आज सबळ कारणाशिवाय सहा सेंटिमीटरहून लांब पातं बाळगता येत नाही. घडीच्या चाकूला आठ सेंटिमीटरपर्यंत सवलत आहे, पण उघडं पातं पक्कं करणारी सोय त्यात नसेल तरच. ब्रिटनचा १९८८ चा कायदा तीन इंचांपर्यंतची धार असलेला घडीचा चाकू बाळगू देतो. पुढे तिथल्या न्यायालयाने ठरवलं की खटका लागणारा चाकू या सवलतीत बसत नाही, कारण तो कोणत्याही क्षणी नुसता दुमडून मिटवता येत नाही. जर्मनीत खटका असलेला आणि एका हाताने उघडणारा चाकू योग्य कारणाशिवाय जवळ ठेवता येत नाही. म्हणजे जो खटका वापरणाऱ्याची बोटं वाचवतो, तोच कायद्याला खुपतो. त्यामागचा विचार मी समजू शकतो: खटका नसलेला चाकू भोसकायला गेलं तर तो मारणाऱ्याच्याच हातावर मिटतो. तरीही झाडाची फांदी छाटणाऱ्या माळ्याला यात जी जोखीम पत्करावी लागते, ती खरी आहे.

आपल्याकडे शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं शस्त्रांत मोडतं. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. पण दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटनदार, गरारीदार आणि यंत्राच्या साहाय्याने उघडणारे चाकू ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदीपासून पुढे निर्बंधाखाली आणले. ७.६२ सेंटिमीटर म्हणजे बरोबर तीन इंच. गरारी म्हणजे दातेरी सांधा. पातं उघडताना त्याच्या दात्यांचा करकर आवाज होतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या चाकूचा हाच आवाज मुंबईच्या हिंदी चित्रपटांनी गुंडाची ओळख म्हणून घरोघरी पोचवला. रामपूरने २०२३ साली चौकात वीस फुटी चाकू उभारून आपली कारागिरी मिरवली, ते मला योग्यच वाटतं. कारागिराचं कसब आणि पडद्यावरचा खलनायक या दोन गोष्टी वेगळ्याच ठेवल्या पाहिजेत.

मग रोज जवळ ठेवायला कोणता घ्यावा? माझं मत स्पष्ट आहे: तीन इंचांहून आखूड पात्याचा, नखाने उघडायचा, कमानीचा. बटणाचा नको, झटक्याने उघडणारा तर नकोच. दुकानात पातं उघडून डावीउजवीकडे हलवून पाहावं. सांधा डुगडुगत असेल तर परत द्यावा. मिटताना कमानीचा ठाम ठोका जाणवला पाहिजे. गंज न चढणारं पोलाद आपल्या पावसाळ्यात बरं. साधं पोलाद घेतलंत तर लिंबू कापल्यावर लगेच पुसा आणि सांध्यात तेलाचा थेंब सोडा. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात द्यावा लागतो. आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागतो तेव्हा काठ्या, तलवारी, भाल्यांच्या यादीत सुरेही असतात. आदेशाची मुदत वर्तमानपत्रात छापून येते. तेवढे दिवस चाकू घरच्या खणात ठेवावा.