चिक्की, खडीसाखर आणि ५२०चा आकडा

तारापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? अणुऊर्जा केंद्र, बरोबर ना? १९६९पासून तिथं वीज तयार होतेय. त्यामुळे आम्हा बोईसरकरांसाठी सायन्स म्हणजे एक तर समुद्राकाठचं ते केंद्र, नाही तर एमआयडीसीतली केमिकल कंपनी. बीएस्सी झालं की एमआयडीसीत ‘क्यूसी’ला चिकटायचं, हा आमच्याकडचा सरधोपट मार्ग.

आमच्या बिल्डिंगमधल्या एका ताईने तो सोडला. ती पहाटेची डहाणू लोकल पकडून मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत जाते आणि धातू मिसळलेल्या अमॉर्फस सिलिकॉनच्या पातळ फिल्मवर पीएचडी करते. ‘म्हणजे नेमकं काय गं? आणि नोकरी कधी?’ हे दोन प्रश्न तिला जिन्यात रोज विचारले जातात. पहिल्याचं उत्तर मी तिच्याकडून समजून घेतलं. ते तुम्हालाही सांगतो.

साखर एकच, रूप वेगळं

खडीसाखर आणि चिक्कीचा पाक आठवा. साखर तीच. पण सावकाश जमली की पैलूदार खडा होतो आणि पाक झटकन गार झाला की काचेसारखी वडी. सिलिकॉनचंही तसंच. मोबाइलच्या चिपमध्ये असतो तो खड्यासारखा, म्हणजे स्फटिक. त्यातले अणू २६ जानेवारीच्या संचलनासारखे रांगेत उभे. अमॉर्फस सिलिकॉन म्हणजे बोईसर स्टेशनवरची सोमवार सकाळची गर्दी. प्रत्येक अणूने शेजारच्या चौघांचे हात धरलेले असतात, पण लांबवर पाहिलं तर रांग कुठेच नाही.

मग ही गर्दी हवी कशाला? कारण ती स्वस्तात, काचेवर, मोठ्या आकारात पसरता येते. सोलरवर चालणारा कॅल्क्युलेटर घरी असेल, तर त्यातली ती काळपट पट्टी बहुधा याचीच. टीव्हीच्या पडद्यामागेही हा असतो. पण गर्दीतून वाट काढताना जी गत आपली, तीच इलेक्ट्रॉनची. रांगेतून तो कितीतरी पटींनी वेगात पळतो. म्हणून आधी स्वस्त फिल्म बनवायची आणि नंतर तिची स्फटिक रूपात बांधणी करायची, अशी खटपट जगभर चालते.

नुसती भट्टीत तापवून ही बांधणी करायची, तर साधारण ६०० अंश सेल्सिअस लागतात. साधी काच तिथे मऊ पडते. इथे धातू कामाला येतो. अॅल्युमिनियमसारखा धातू जरासा असला, तरी हेच काम कितीतरी कमी तापमानाला होतं. अगदी विरजणासारखं!

निळ्या समुद्रातून आलेली युक्ती

पण आत रांग लागली की नाही, हे कळणार कसं? ही फिल्म केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ. तिथे रामन स्पेक्ट्रोस्कोपी येते. चंद्रशेखर वेंकट रामन १९२१मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले, तेव्हा भूमध्य समुद्राची निळाई त्यांच्या मनात घर करून बसली. परतल्यावर त्यावरचं टिपण त्यांनी ‘नेचर’ला पाठवलं ते चक्क आपल्या मुंबई बंदरातून, ‘नारकुंडा’ बोटीवरून. पुढे कोलकात्यात के. एस. कृष्णन यांच्यासोबतच्या प्रयोगांतून २८ फेब्रुवारी १९२८ला रामन परिणाम सापडला आणि १९३०मध्ये नोबेल मिळालं.

तत्त्व सोपं आहे. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला, की बहुतेक सगळा त्याच रंगात विखुरतो. कोट्यवधी प्रकाशकणांतला एखादाच अणूंच्या थरथरीला थोडी ऊर्जा देऊन किंचित बदललेल्या रंगात बाहेर येतो. तो बदल मोजला की आतले अणू कसे थरथरतात, ते कळतं. स्फटिक सिलिकॉनसाठी आलेखावर ५२०च्या आसपास टोकदार सुळका दिसतो. अमॉर्फस असेल, तर ४८०च्या आसपास पसरट टेकडी. दोन्ही असतील, तर त्यांच्या प्रमाणावरून किती भाग स्फटिक झाला याचा अंदाज बांधता येतो.

सुळका आला, पण...

ताईने दोन फिल्म घेतल्या. एक साधी, एक अॅल्युमिनियमवाली. दोन्ही भट्टीत न घालता लेझरखाली ठेवल्या. साधीत फक्त टेकडी. अॅल्युमिनियमवालीत मात्र ५२०च्या जवळ झकास सुळका! म्हणजे न तापवताच स्फटिक? तीन आठवडे मोजमाप केलं, दर वेळी तेच. पोस्टर तयार झालं, घरी पेढेसुद्धा आले.

मग तिने सहज मायक्रोस्कोपमधून पाहिलं. जिथे जिथे लेझर पडला होता, तिथे बारीक डाग. तिच्या पोटात गोळा आला. तिने लेझरची ताकद खूप कमी केली आणि फिल्मवरची कोरी जागा निवडली. सुळका गायब, फक्त टेकडी. जुन्या डागावर गेली, तर तिथे सुळका हजर. म्हणजे मोजायला आणलेल्या लेझरनेच फिल्म तापवून स्फटिक केली होती. साधी फिल्म तेवढ्या उष्णतेला दाद देत नव्हती, म्हणून तुलनाही खरी वाटली.

‘पोस्टर तसंच लावलं असतं तर कुणाला कळलं असतं?’ मी विचारलं.

‘कदाचित नसतं कळलं,’ ती म्हणाली, ‘पण उद्या कुणी माझ्या भरवशावर न तापवता फिल्म बनवायला गेलं असतं आणि त्याचं वर्ष फुकट गेलं असतं. मला तर माहीत होतं ना रे?’

पोस्टर परत घेतलं. सगळी मोजमापं कमी ताकदीवर पुन्हा केली. मग दोन्ही फिल्म भट्टीत तापवल्या, तेव्हा अॅल्युमिनियमवालीत कोऱ्या जागेवरही सुळका आला. या वेळी खरा. पेढे मात्र परत आले नाहीत!

तुमच्यासाठी काय?

सायन्सला असाल, तर हे काम दूरचं समजू नका. गरम तारेच्या मदतीने सिलिकॉनची फिल्म बनवण्याच्या तंत्रावर आयआयटी मुंबईत प्रा. राजीव दुसाने आणि पुणे विद्यापीठात प्रा. संदेश जाडकर यांनी संशोधन केलंय. आयआयटी मुंबईच्या ‘सैफ’ या सुविधेत बाहेरच्या संशोधकांनाही शुल्क भरून नमुने तपासून घेता येतात. आणि क्यूसीलाच जायचं असेल, तरी रामन तुमची पाठ सोडणार नाही. पिंपातली पावडर कुठली, हे प्लॅस्टिकच्या पिशवीवरूनच ओळखणारी हातात मावणारी रामन यंत्रं औषध उद्योगात वापरली जातात.

मी पत्रकारिता शिकतोय. हवा तो आकडा मिळाला की लगेच मथळा सुचतो. हल्ली तसं झालं की मी ताईचा डाग आठवतो आणि स्वतःला विचारतो, ही बातमी तिथे होती, की माझ्या प्रश्नानेच ती तयार झाली?

ताई उद्याही पहाटेची लोकल पकडेल. नोकरी कधी, हे तिलाही माहीत नाही. जिन्यात भेटली तर तिला तो प्रश्न विचारू नका. सुळका कसा आहे, ते विचारा.