खडकाला धडकलेला रोटरी कटर



पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात, की भिगवणच्या पुढे डाव्या हाताला उजनीचे पाणी सोबत करू लागते. त्याच पाण्याच्या काठी पळसदेव हे गाव आहे. १९८० साली उजनीचे धरण पुरे झाले, जुने पळसदेव पाण्याखाली गेले आणि माणसे वर येऊन वसली. पाणी फारच उतरले, की पळसनाथाचे जुने देऊळ आजही उघडे पडते आणि म्हातारी माणसे ते डोळे भरून पाहून येतात.

या पळसदेवला माझे चुलतभाऊ शेती करतात. गेल्या उन्हाळ्यात धाकट्याने ट्रॅक्टरमागे जोडायचा नवाकोरा रोटरी कटर घेतला. पडीक रानातली वेडी बाभूळ आणि वाळले गवत कापून रान मोकळे करायचे होते. दुसऱ्याच दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "दादा, खाडकन आवाज झाला. ट्रॅक्टर चालतोय, मागचा शाफ्टही फिरतोय, पण पाती जागची हलत नाहीत. नवं यंत्र, अन् दुसऱ्या दिवशीच मोडलं बघा!"

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. यंत्राची माहिती मला बेताचीच. पण त्या फोनपासून पुढे जे घडले त्यातून मी पुष्कळ शिकलो, आणि तेच आज आपल्यापुढे मांडणार आहे.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. ट्रॅक्टरच्या मागच्या बाजूला पीटीओचा दांडा असतो. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. त्याला जोडलेला शाफ्ट ही शक्ती कटरच्या गिअरबॉक्सपर्यंत नेतो. गिअरबॉक्स दोन कामे करतो. आडवी फिरकी उभी करतो आणि वेग वाढवतो. समजा, वेग दीडपट झाला, तर पात्यांचे मिनिटाला ८१० फेरे झाले. कटर पाच फुटी असेल, तर पात्याचे टोक सेकंदाला दोनशे फुटांहून अधिक अंतर तोडते. म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्याही वर! शिक्षक मित्रहो, हे गणित सातवीतल्या मुलांकडून फळ्यावर करून घ्या. वर्तुळाचा परीघ कशासाठी शिकायचा, हे त्यांना पुन्हा सांगावे लागणार नाही.

आता एवढ्या वेगाचे पाते काळ्या फत्तरावर आदळले, तर त्या धक्क्याने कुठेतरी काहीतरी मोडणारच. मग मोडायचे काय? यंत्र करणाऱ्याने याचा विचार आधीच केलेला असतो. शाफ्ट आणि गिअरबॉक्स यांच्या जोडावर तो मुद्दाम एक कमी ताकदीचा बोल्ट बसवतो. त्याला शिअर बोल्ट म्हणतात. धक्का बसला, की हा बोल्ट तुटतो, शाफ्ट रिकामा फिरत राहतो आणि गिअरबॉक्स वाचतो. घरातल्या विजेचा फ्यूज तुम्हाला ठाऊक आहे. ताण वाढला, की त्याची बारीक तार वितळते आणि घर वाचते. शिअर बोल्ट हा यंत्राचा फ्यूजच समजा.

भावाचे यंत्र मोडले नव्हते. फक्त बोल्ट तुटला होता. पण पुढे घोटाळा झाला. जवळच्या एका कारागिराने सल्ला दिला, "हा बोल्ट कच्चा दिसतोय. मी चांगला पक्का टाकून देतो." त्याने कडक पोलादाचा बोल्ट ठोकला. तासाभरात कटर पुन्हा धोंड्यावर आदळला. बोल्ट शाबूत राहिला आणि गिअरबॉक्सचे दाते गेले! दहा-वीस रुपयांचा बोल्ट वाचवला आणि हजारो रुपयांचे काम अंगावर ओढवून घेतले. फ्यूजमध्ये जाड तार घालणारा हेच करतो.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की तुटल्या बोल्टच्या जागी यंत्रासोबतच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मापाचा आणि त्याच प्रतीचाच बोल्ट घालावा. बोल्टच्या माथ्यावर ४.६, ८.८ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा, तितके पोलाद अधिक ताकदीचे. माप सारखे असूनही ताकद निराळी असू शकते, म्हणून माथा वाचल्याशिवाय बोल्ट घेऊ नका. असे चार-पाच बोल्ट ट्रॅक्टरच्या पेटीत नेहमी असू द्यावेत.

काही यंत्रांत बोल्टऐवजी स्लिप क्लच असतो. धक्का बसला, की त्याच्या चकत्या एकमेकींवर घसरतात. मात्र यंत्र पावसाळाभर उघड्यावर राहिले, तर या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात. मग क्लच असून नसल्यासारखा. हंगामाच्या आरंभी पुस्तिकेप्रमाणे स्प्रिंगा सैल करून तो एकदा दोन-तीन सेकंद घसरवून घ्यावा आणि स्प्रिंगा पूर्वीच्याच लांबीवर आवळाव्यात. चकत्यांवर आडवी रेघ मारून ठेवली, तर त्या खरोखर घसरल्या का ते कळते. नंतर काम करताना जळका वास किंवा धूर आला, तर क्लच नको इतका घसरतो आहे असे समजावे.

आता समजा, बोल्ट तुटला नाही, यंत्र चालूच आहे, पण हादरू लागले आहे. इथेच बहुतेक जण फसतात. "चालतंय ना, मग राहिलेलं दोन गुंठे उरकून घेऊ," असे म्हणतात. बंधूंनो, तसे करू नका. धडकेनंतर हादरा आला, की त्याच जागी थांबा.

थांबायचे म्हणजे कसे, तेही सांगतो. पीटीओ सोडवा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला. पाती लगेच थांबत नाहीत. बराच वेळ घरघरत राहतात. ती पुरती थांबेपर्यंत खाली उतरू नका. कटर उचलून खाली वाकायचे असेल, तर नुसत्या हायड्रॉलिकवर भरवसा ठेवू नका. खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. यंत्र दुरुस्त होते, हात दुरुस्त होत नाही.

मग क्रमाने पाहा.

पाती आपल्या बोल्टवर सैल फिरती असतात. धोंडा लागला, की ती मागे दुमडावीत, हा हेतू. एखादे दुमडून तिथेच अडकले, वाकले किंवा त्याचा तुकडा उडाला, तर दोन्ही बाजूंचे वजन सारखे राहत नाही आणि हादरा सुरू होतो. पाती नेहमी जोडीनेच बदलावीत. वाकलेले पाते भट्टीत तापवून सरळ करू नये. तापवल्याने त्याचे पाणी उतरते आणि पुढच्या धडकेला ते मोडून गोळीसारखे सुटू शकते.

पाती ठीक असतील, तर ती ज्या आडव्या दांड्याला किंवा थाळीला बसवलेली असतात ती तपासा. यंत्र सपाट जागी उभे करा. एका पात्याचे टोक जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. थाळी हाताने अर्धा फेरा फिरवून दुसरे त्याच जागी मोजा. दोहोंत बोटभर फरक आला, तर थाळी किंवा वरचा दांडा वाकला आहे. थाळीचा मोठा नट सैल झाला आहे का आणि त्याची स्प्लिट पिन जागेवर आहे का, हेही पाहावे. नव्या यंत्राचे नट तर पहिल्या काही तासांनंतर एकदा आवळावेच लागतात.

पुढची पाळी गिअरबॉक्सची. खालच्या ऑइल सीलमधून तेल गळते का ते पाहा. थोडे तेल बोटावर घ्या. शितावरून भाताची परीक्षा होते ती इथे. नव्या गिअरबॉक्सच्या तेलात बारीक करडी चकाकी थोडीफार असते. पण बोटाला टोचणारे लोखंडाचे कण आले, तर दात्यांना इजा झाली आहे. तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे. शेवटी शाफ्ट पाहा. त्याचे क्रॉस खिळखिळे झाले नाहीत ना, नळी नळीत सहज सरकते ना, वरचे आवरण शाबूत आहे ना?

पाती, बोल्ट, नट ही कामे आपली. गिअरबॉक्स मात्र स्वतः उघडू नका. यंत्र नवे असेल, तर आधी विक्रेत्याला कळवा, मोबाइलवर छायाचित्रे काढा, तुटलेले तुकडे जपून ठेवा. खडकाला धडकून झालेली मोड सहसा हमीत बसत नाही. पण आपण उघडलेल्या गिअरबॉक्सबद्दल मग वाद घालायलाही जागा राहत नाही.

आता तुम्ही विचाराल, "मागल्या वर्षी धोंडे वेचले होते, यंदा पुन्हा आले कुठून?" आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वरची बारीक माती भेगांत पडते, खालची ओली होऊन फुगते आणि दगडाला हळूहळू वर लोटते. नांगरही खालचे दगड उपसतो. म्हणून रान दर वर्षी पायाखाली घालावे लागते. दिसेल तो धोंडा उचलावा. न उचलणाऱ्या खडकाशेजारी काठी रोवून तिला पांढरे फडके बांधावे. गवत उंच असेल, तर पहिला हात कटर उंच ठेवून मारावा आणि ट्रॅक्टर संथ चालवावा. पोराबाळांना आणि गुरांना शंभर-दीडशे पावले लांब ठेवावे. पात्याने उडवलेला दगड कुणाला लागेल, याचा नेम नसतो.

भावाचा गिअरबॉक्स दुरुस्त होऊन आला, तेव्हा मी पळसदेवला गेलो होतो. त्याने नवा शिअर बोल्ट मला हौसेने दाखवला. मी विचारले, "आणि तो धोंडा?" तो ओशाळला. धोंडा रानात तसाच होता. मग आम्ही दोघे पहार घेऊन गेलो आणि दिवस मावळायच्या आत तो बांधावर आणून टाकला. कटर त्यानंतरच सुरू केला.