हवेवाचून धगधगणारी भट्टी

वर्ध्याहून नकाशावर सरळ रेघ ओढली, तर मुंबईचा समुद्र सुमारे ६०० किलोमीटरवर येतो आणि विशाखापट्टणमचाही जवळपास तेवढ्याच अंतरावर. भारताच्या अणुपाणबुडीची गोष्ट मुख्यतः याच दोन किनाऱ्यांची आहे. मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तिच्या अणुभट्टीची रचना केली. विशाखापट्टणमला २६ जुलै २००९ रोजी ‘अरिहंत’ पाण्यात उतरली.

पाणबुडीची खरी अडचण पाणी नव्हे, हवा आहे. आपली चूल हवेवाचून विझते, तसंच डिझेल इंजिनचं. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘कलवरी’ ही डिझेल पाणबुडी पाण्याखाली बॅटरीवर चालते. बॅटरी उतरली की वर यायचं, हवेची नळी पाण्याबाहेर काढायची आणि इंजिन सुरू करायचं. नेमकी तेव्हाच ती शत्रूला सापडू शकते. पूर्ण वेगाने पळाली तर बॅटरी काही तासांतच संपते.

युरेनियमचा अणू फुटताना मात्र काहीच जळत नाही. ऑक्सिजन लागत नाही, धूर निघत नाही. निघते ती नुसती उष्णता. ती ज्या पाण्यात उतरते, ते प्रचंड दाबाखाली ठेवलेलं असतं, म्हणून ३०० अंशांच्या आसपास तापूनही उकळत नाही. हे पाणी दुसऱ्या, वेगळ्या नळ्यांतल्या पाण्याची वाफ करतं, वाफ टर्बाइन फिरवते, आणि त्यावर वीजही मिळते नि वेगही. अमेरिकेच्या व्हर्जिनिया वर्गातल्या पाणबुडीत एकदा भरलेलं इंधन तिच्या ३३ वर्षांच्या आयुष्याला पुरतं! समुद्राच्या पाण्यातून पिण्याचं पाणी आणि ऑक्सिजनही आतच तयार होतो. मग बुडून राहण्याला मर्यादा कशाची? शिधा संपण्याची, आणि माणसांच्या दमाची. १९६० साली अमेरिकेची ‘ट्रायटन’ ही अणुपाणबुडी पाण्याखालूनच पृथ्वीला वळसा घालून आली.

पण मला सर्वात थक्क करते ती तिची शांतता. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. तिथे डोळे कामाचे नाहीत. जो आधी ऐकेल तो जिंकेल. भट्टीचे पंप तर सहसा थांबवता येत नाहीत. म्हणून यंत्रं सांगाड्याला थेट न जोडता धक्के शोषणाऱ्या आधारांवर बसवतात, बाहेरून रबरी फरशा चिकटवतात, आणि मोठा प्रोपेलर सावकाश फिरवतात. भरभर फिरला तर पाण्यात बुडबुडे होऊन फुटतात आणि ठावठिकाणा सांगतात. टर्बाइनचा भन्नाट वेग उतरवणाऱ्या गिअरचे दातेसुद्धा अतिशय काटेकोर घडवावे लागतात. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्यानेही ‘अरिहंत’साठी यंत्रसामग्री पुरवली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

‘अरिहंत’चं काम मात्र क्षेपणास्त्रं घेऊन दडून राहण्याचं. हल्लेखोर अणुपाणबुडी शिकारी असते: टॉर्पेडो आणि क्रूझ क्षेपणास्त्रं घेऊन ती जहाजांचा, दुसऱ्या पाणबुड्यांचा माग काढते. १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनच्या ‘काँकरर’ने अर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही क्रूझर बुडवली. त्यानंतर अर्जेंटिनाच्या मोठ्या युद्धनौका किनारा सोडून फारशा पुढे आल्याच नाहीत. एका पाणबुडीने अख्खं नौदल रोखलं, असंच म्हणावं लागेल.

आपल्या खलाशांनी ही विद्या भाड्याच्या पाणबुड्यांवर गिरवली. सोव्हिएत संघाकडून घेतलेली पहिली ‘चक्र’ १९८८ ते १९९१ आपल्याकडे होती, रशियाची दुसरी २०१२ ते २०२१. स्वतःच्या दोन हल्लेखोर अणुपाणबुड्या बांधायला सरकारने २०२४ मध्ये मंजुरी दिली. नौदलप्रमुखांच्या म्हणण्यानुसार पहिली २०३६-३७ मध्ये मिळणं अपेक्षित आहे.

आज वर्धा, हिंगणघाट, आर्वीच्या शाळांत आठवी-नववीत असलेली मुलं तेव्हा पंचविशीच्या आसपास असतील. भाभा केंद्राचं प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून विज्ञान आणि अभियांत्रिकीच्या पदवीधरांना घेत आलं आहे. घरात असं मूल असेल, तर त्याला हे आजच सांगा.