जोड कोण देतो?

कुस्तीत प्रत्येक गडी एकटाच लढतो, मग शाळेच्या कुस्ती संघाला कर्णधार हवा कशाला, असे म्हणणारे आमच्या चोपड्यात भेटतात. त्यांनी स्पर्धा पाहिली असेल, सराव पाहिलेला नाही. सरावाला जोड लागते. रोज अंगाला अंग भिडवणारा तोडीचा गडी मिळाला नाही, तर पोराने कितीही दंड-बैठका मारल्या तरी डाव उमगत नाही. गुरुजी नसले की ही जोड कर्णधारच लावतो.

आणि येथेच जात डोकावते. कुस्ती हा स्पर्शाचा खेळ. एकाच मातीत लोळायचे, दुसऱ्याचा घाम अंगावर घ्यायचा. सावलीचाही विटाळ मानणाऱ्या व्यवस्थेला हे पचणारे नव्हते. आज तोंडाने कुणी विटाळ म्हणत नाही. बौद्ध वस्तीतल्या किंवा सातपुड्यातून शिकायला आलेल्या पावरा, तडवी पोराला 'तुझ्या वजनाचा कुणी नाही' एवढे सांगितले की काम भागते. संविधानाच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली; पण जोड नाकारल्याची फिर्याद आम्ही वकिलांनी कोणत्या पुराव्यावर उभी करायची?

कर्णधारपद आणि जात यांचा सर्वांत उघड दाखला मात्र क्रिकेटमधला आहे. चर्मकार समाजातील बाळू पालवणकरांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाने त्यांना कर्णधार नेमले नाही. 1920 मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना डावलले, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळण्यास जाहीर नकार दिला. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने युरोपियनांना हरवले. (पुढे 1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले, हे आम्ही विसरलेलो नाही. पण मैदानावरचा अन्याय तो अन्यायच.)

आमच्या मते चांगला कर्णधार नव्या पोराला पहिली जोड स्वतः देतो, पोरगे कुठल्याही गल्लीतले असो. वजन उतरवायला उपाशी पळणाऱ्याला थांबवून वरच्या गटात लढ म्हणतो. एका वजनाचे दोघे असले, तर निवडीची कुस्ती सर्वांसमोर लावतो, त्यातला एक आपला दोस्त असला तरी.

येत्या हंगामात कर्णधार नेमताना शाळांनी नुसती पदके मोजू नयेत. कुणी कुणाला जोड दिली, याची सरावाची वही ठेवावी. ती पाहायला मागण्याचा हक्क पालकांना आहे. आपल्या वस्तीतल्या पालकांनी तो पहिल्या पंधरवड्यातच बजावावा.