कांदा नको, हात हवेत

काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे काका सकाळी फिरून आले आणि जिन्यापाशीच कोसळले. कुणी तोंडावर पाणी मारले, कुणी कांदा हुंगवला. मी नाडी शोधत बसलो. मधूनच ते आचके देत, म्हणून श्वास चालू आहे असे आम्ही समजलो. काका गेले. पुढे प्रशिक्षण घेतले तेव्हा कळले, आचके म्हणजे श्वास नव्हे. हृदय थांबल्याची ती खूण असते.

हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. रुग्णवाहिका तेवढ्यात क्वचितच पोहोचते. म्हणून मोठे माणूस हाकेला ओ देत नसेल, नीट श्वास घेत नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा. दुसऱ्याने त्याला जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मधोमध एका हातावर दुसरा हात ठेवावा आणि कोपरे न वाकवता जोराने दाबावे. छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली जावी, दर वेळी पूर्ण वर यावी. मिनिटाला १०० ते १२० वेळा. दमल्यास दुसऱ्याने हात बदलावा. बरगडी मोडेल म्हणून थांबू नये. मोडलेली बरगडी सांधते.

हे तासा-दोन तासांत शिकता येते. यंदा गणपतीच्या मंडपात एक संध्याकाळ त्यासाठी ठेवा. त्या सकाळी जिन्यापाशी आम्ही दहा-बाराजण होतो; छाती दाबायला एकालाही येत नव्हते.