पाकिटावरचा शब्द

गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर फादरांनी चर्चच्या छपरासाठी आलेल्या वर्गणीची यादी वाचली. कुणी किती दिले यावर बाहेर आवारात कुजबूज झालीच; आपल्या बेळगावात ती व्हायचीच. मला मात्र हनन्या आणि सप्पीरा आठवले.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय 5. नवराबायकोनं जमीन विकली, काही पैसे मागे ठेवले आणि उरलेले 'हेच सगळे' म्हणून प्रेषितांच्या पायाशी आणले. हनन्या जागच्या जागी कोसळला. तीन तासांनी सप्पीरा आली, तिचंही तेच झालं. धर्मशिक्षणाच्या तासाला मुलं हमखास विचारायची, "सर, थोडे पैसे ठेवले म्हणून एवढी शिक्षा?" देवाला द्यायचं ते पूर्ण द्यावं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. चुकीचं सांगत आलो. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसाही तुझ्याच हातात होता, असं पेत्र त्याला स्पष्ट म्हणतो. 'अर्धेच देतो' म्हटलं असतं तर कुणाची हरकत नव्हती. पण त्याच्या जरा आधी, चौथ्या अध्यायाच्या शेवटी, बर्णबानं शेत विकून रक्कम आणून दिली होती. मला वाटतं, हनन्याला बर्णबासारखं नाव हवं होतं, हात रिकामे करायचे नव्हते.

हे मी कुणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. नोकरीत असताना एकदा पगाराची थकबाकी मिळाली. गरीब मुलांच्या फीसाठी मी निम्मी दिली आणि म्हणालो, "मिळाली ती सगळी दिली." घरी बायकोलाही बजावलं, कुणी विचारलं तर तेच सांग. "मला कशाला त्यात ओढताय?" एवढंच ती म्हणाली. आमच्या घरची सप्पीरा खोटं बोलायला तयार झाली नाही! रविवारी सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं. पैसे मुलांच्या कामी आले हे खरं, पण कुमसाराला गेलो की एवढी एक गोष्ट मी वर्षानुवर्षं गाळत राहिलो.

छपराची वर्गणी द्यायला गेलो तेव्हा माझ्या पुढे एक विधवा बाई होत्या. पन्नासची नोट देत म्हणाल्या, "फादर, याहून जास्त देऊ शकते, पण देत नाही. नातीची फी भरायची आहे." फादर हसले, पावती फाडली.

माझ्या पाकिटावर मी घरूनच 'यथाशक्ती' असं लिहून आणलं होतं. फादरांकडून पेन मागून घेतलं, तो शब्द खोडला आणि नुसता आकडा लिहिला.